ती हाक कोणाची

बाबा, तुमचा तो बोंबल्या, माझ्या कॅसेटवरचा इंग्रजी रॉक गाणारा, मुंबईत येऊन गेला. सत्तरी कधीच ओलांडलीय त्याने. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, तरी चामड्याचं जाकीट सुटलेलं नाही. तुमच्या नातीने तिच्या पगारातून तिकिटं काढली आणि मला घेऊन गेली. ज्या गाण्यासाठी मी विशीत वॉकमनची बटणं झिजवली ते गाणं सगळ्यात शेवटी आलं. त्यातली ती किंकाळी, जी ऐकून तुम्ही म्हणायचात, "ह्यो गाता काय बोंबलता रे?", ती यायची वेळ झाली आणि त्याने माईक सरळ लोकांकडे फिरवला. लोकांनीच ती मारली, हा नुसता हसत उभा. परत येताना टॅक्सीत पोरगी म्हणाली, "पप्पा, ओव्हररेटेड आहे रे हा. अर्धं तर पब्लिकच गायलं." मी तिच्यावर इतका ओरडलो की टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. म्हटलं, "आवाजातलं तुला काय कळतं? आजोबांसारखं बोलू नकोस." तिने विचारलं, "आजोबा काय बोलायचे?" मी टॅक्सीची काच खाली केली. राग तिचा नव्हताच, तुमचा होता.

खरं तर मी भाषण लिहायला बसलो होतो. रविवारी तुमच्या नावाची डबलबारी आहे. आपली करी रोडची चाळ पडून तिथे टॉवर झाला, त्याच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मंडळ दर वर्षी दोन भजनीबुवांना समोरासमोर बसवतं आणि तुमच्या फोटोला हार घालतं. या वर्षी सेक्रेटरी घरी आला. म्हणाला, "दादा, पाच मिनिटं तुम्हीच बोला ना. बुवांची ती फेमस हाक, आणि मग तो शेंदराचा किस्सा. मुलाच्या तोंडून आला ना, पब्लिक रडेल." मी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे. तेव्हापासून रोज कागद पुढे ओढतो आणि पहिल्या ओळीवरच माझं डोकं फिरतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्याने म्हण काढली त्याचा बाप बुवा नसावा.

तिसऱ्या मजल्यावरचे काका आठवतात? आठवणारच. गिरणी बंद पडायच्या आधी तुम्ही दोघं एकाच खात्यात होतात, एकाच गाडीने शिमग्याला गावाला जायचात आणि बारीला एकमेकांसमोर बसून एकमेकांची सालं काढायचात. गजरात टोमणे, अभंगातून प्रश्न, समोरच्याला उत्तर नाही सुचलं की हशा. शब्दांत तुम्ही काकांना कधी हार गेला नाहीत. पण आवाज त्यांचा चांगला होता. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांपेक्षा जास्त तुम्हाला. काका वरच्या सुरावर गेले की बायका भाकऱ्या तव्यावर टाकून गॅलरीत यायच्या. तुम्ही गेलात की लोक म्हणायचे, वा बुवा. ह्या दोन्हींतला फरक तुम्हाला टोचायचा.

गिरणी गेल्यावर तुम्ही कॉटन ग्रीनच्या गोदामावर वॉचमन लागलात. एका रविवारी दुपारी मी तुमचा डबा घेऊन आलो. गेटवर कोणी नाही. आत कापसाच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेने मी जातो आणि मला ऐकू येते ती किंकाळी. बोंबल्याची. पण मशीनमधली नाही, माणसाच्या गळ्यातली. पुढे येऊन बघतो तर तुम्ही दोन गाठींच्या मध्ये मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, कानाला माझे हेडफोन, आठवडाभर घरात सापडत नसलेला माझा वॉकमन मांडीवर. तुम्ही ती परत मारता. गाठी सगळा आवाज पिऊन टाकतात, म्हणूनच तुम्ही ती जागा निवडली असणार. तुमच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्यात. डोळे उघडता आणि मी दिसतो. मला वाटलं, आता हसाल. तुम्ही म्हणालात, "घराक सांगा नको." आणि डबा उघडलात. तरी मी त्या दिवशी चालत घरी आलो ते हवेतच. माझा बाप माझी कॅसेट ऐकतो! दुसरं काय हवं होतं मला त्या वयात?

मग लालबागच्या मैदानातली बारी. समोर काका. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे एकमेकांना नारळ दिलात, विडा दिलात. काकांच्या घरून आलेला विडा तुम्ही सगळ्यांसमोर तोंडात टाकलात. शेवटचा गजर तुमचा. लय चढते, झांजा चढतात, तुम्ही विठ्ठलाचं नाव घेऊन वर जाता, अजून वर, पखवाजवाल्याला इशारा करून हात थांबवायला लावता, आणि त्या शांततेत तुमचा आवाज मध्येच फाटतो आणि फाटून आणखी वर जातो. मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टोप्या, खुर्च्यांवर चढलेले लोक. समोर काका दोन्ही हात जोडून बसलेले. त्या रात्रीपासून मुंबईत तुमच्या नावाआधी "हाकवाले" लागलं. कोणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "देवान दिली." मी दारात उभा राहून ऐकायचो. घरात माझी कॅसेट लावली की पुन्हा तेच, "बंद कर ता बोंबलणा. आवाज नाय तो, मशीन हा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पुढच्या काही बाऱ्यांत लोक हाकेचीच फर्माईश करू लागले आणि तुम्ही ती देत राहिलात. मग परत काकांसमोर बारी, परत त्यांच्या घरचा विडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून नुसती हवा आली. परळच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो. त्यांनी नळी घालून बघितलं आणि विचारलं, "ओरडायचं काम करता का? गळ्यावर फार जोर पडलाय. आता गाणं विसरा." त्यांनी हे मराठीत सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं, त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आपण चाळीत आलो. गॅलरीत माणसं जमलेली. तळमजल्यावरच्या आजीने विचारलं, "बुवानू, विडो खाल्ल्यात खंय? कोणाच्या हातचो?" विड्यातून शेंदूर घातला की गवयाचा गळा कायमचा जातो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते. आणि तुम्ही जिन्याकडे, तिसऱ्या मजल्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत. हळूच, दुःखी माणसासारखी. बोलता येत नसताना खोटं बोललात तुम्ही.

मी त्याच संध्याकाळी म्हटलं, बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते लोकांना सांगा. तुम्ही माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवलात आणि घोगऱ्या हवेत म्हणालात, "त्या बोंबल्याचा नाव घेव? लोका हसतली माका. गळ्याशपथ, बोलशीत तर." सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. शेंदूर खाल्लेला बुवा मोठा असतो, त्याची गोष्ट होते. कॅसेट ऐकून गळा फाडून घेतलेला बुवा नाक्यावरचा विनोद होतो. तेवढ्यासाठी तुम्ही एका माणसाला जिता गाडलंत. त्या वर्षी गणपतीत काकांनी वाटलेला प्रसाद लोकांनी हातात घेतला आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दिला. कावळे खात होते. तुम्ही दारात खुर्ची टाकून ते बघत होतात. काकांना पुढे कुठून बारीची सुपारी आली नाही. पेटी विकली, मग खोली विकली, कॉटन ग्रीनला भाड्याने गेले. तुमच्या अंत्ययात्रेला ते आले होते, मागे, सगळ्यांच्या मागे, आणि कोणी त्यांना खांदा देऊ दिला नाही.

हे सगळं मी टॅक्सीतून उतरल्यावर पोरीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ते काका आहेत अजून?" आजच्या पोरांना आडपडदा नाही, बरंच आहे ते. परवा मी कॉटन ग्रीनला गेलो. काका खाटेवर बसून चहात बेकरीचं कडक बटर बुडवत होते. मला ओळखलं, "बस" म्हणाले. मी आडवळण न घेता सगळं सांगितलं, गोदाम, वॉकमन, डॉक्टर, तुमची मान. मला वाटलं शिव्या देतील, नाहीतर म्हणतील जाऊ दे झालं गेलं. ते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे ती खराच सांगत होती."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या शेवटच्या बारीचे विडे काकूंनी बांधले होते. त्या दिवशी मंगळवार, सकाळी त्यांनी गणपतीच्या मूर्तीला शेंदूर लावला होता. काकांना स्वतःची खात्री होती, तुमच्या शब्दावरही विश्वास होता. दोस्त खोटी मान कशाला हलवेल? म्हणजे चूक काकूंच्या हाताची. "तिका मी इचारी होतंय, हात धुयलंस मां? ती म्हणा होती, धुयलंय, देवाशपथ धुयलंय. माका पटला नाय. तुझ्या हातान माझो सोबती गेलो, असा बोललंय मी तिका. एकदा नाय, कितीतरी वेळा. मरापर्यंत ती हात धुय होती रे. घासून घासून." त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, काका, रविवारी मला बोलायला लावलंय. त्यांनी माझं मनगट धरलं, म्हाताऱ्याच्या मानाने चांगलं घट्ट धरलं. "सांग. माईकवर सांग सगळा. तिचा नाव घेवन सांग. मी येतलंय. फुडल्या खुर्चेर बसतलंय."

तर बाबा, मी सांगणार आहे. तुमचा फोटो मागे असेल, हार ताजा असेल, मंडळाची माणसं माझ्या हातातला माईक ओढतील कदाचित. तरी सांगेन. तुमच्या गळ्याची शपथ मोडेन, त्या गळ्याचं काही देणं मला लागत नाही. आधी काकूंचं नाव घेईन, त्यांचे हात स्वच्छ होते म्हणून सांगेन, मग तुमचं. त्या बोंबल्यालाही न्याय देईन. तो सत्तरीत लोकांसमोर उभा राहून, मला आता जमत नाही, तुम्ही म्हणा, असं सांगू शकला. तुम्हाला एका गॅलरीसमोर ते जमलं नाही.

भाषणाचा कागद म्हणून घेतला होता, त्यावर हे भलतंच उतरलं. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही, पोरीलासुद्धा नाही. कारण एक गोष्ट यात लिहून टाकायचीय, जी मी रविवारी बोलणार नाही. त्याची किंकाळी मी आयुष्यभर ऐकली, कॅसेटवर, सीडीवर, आता फोनवर, आणि त्या रात्री समोर उभा राहून. लालबागच्या मैदानात तुम्ही मारलीत ती त्याच्यापेक्षा चांगली होती.