हात दे मज, बारका

मी, खाली सही करणारी, एका सुताराची विधवा, दोन मुलांची आई आणि एका नातीची आजी, वयाची ऐंशी ओलांडलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी म्हटले, "शनिवार. उद्या चर्चला जायचंय, साडीला इस्त्री करायचीय, तेव्हा आटपा लवकर." यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवल्यास खुशाल खोटे समजावे.

कलम १. राहते घर आणि मागची कामाची खोली मी थोरली आणि बारका या माझ्या दोन्ही मुलांना समान हक्काने देत आहे. मध्ये भिंत घालू नये. स्वयंपाकघरातले टेबल विकू नये आणि त्याचा पाय दुरुस्तही करू नये. अख्ख्या गल्लीची दारे-खिडक्या सरळ करणाऱ्या माणसाच्या घरात टेबल मात्र जन्मभर डुगडुगत राहिले. मी कुरकुर केली की ते पायाखाली कागदाची घडी सरकवायचे आणि म्हणायचे, "रविवारी बघतो." रविवारी आम्ही चर्चला जायचो. मला त्या डुगडुगण्याची इतकी सवय झाली आहे की दुसऱ्यांच्या टेबलावर चहा पिताना चुकल्यासारखे होते.

कलम २. शिलाई मशीन नातीला. गायनमंडळाचे सगळे झगे मी याच मशीनवर शिवले. ही तेव्हा पायडलजवळ बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायची. तिला शिवण येत नाही हे मला ठाऊक आहे. शिकली तर उत्तम, नाही तर वर फुलदाणी ठेवावी, पण महिन्यातून एकदा तेल घालावे. बँकेत जे काही शिल्लक आहे तेही तिच्या शिक्षणाला. त्यावर कोणी चर्चा करू नये.

कलम ३. यांचा रंधा, करवत आणि पटाश्या बारक्याला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्याला त्यांचा उपयोग नाही. तरी द्याव्यात. रंध्याच्या मुठीला वडिलांच्या हाताचा आकार आला आहे, तो त्याच्याही हाताला बसतो. मी बसवून पाहिला आहे.

कलम ४. माझी काळी छत्री पाळकसाहेबांच्या बहिणीने एका पावसाळ्यात नेली आणि ती तिच्याकडेच राहिली. ती मी तिलाच देत आहे. आता तरी तिने ती माझ्या दारासमोरून उघडून न्यावी, गल्ली बदलू नये.

कलम ५. माझे गीतांचे पुस्तक थोरलीला. चर्चमध्ये बाजाची पेटी तीच वाजवते, तेव्हा तिला नव्या पुस्तकाची वाण नाही. पण या पुस्तकात संध्याकाळच्या गीताचे पान सुटून आले आहे, आणि त्या पानाची हकिगत लिहून ठेवणे मला जरूर वाटते.

त्यात एक ओळ आहे: "वाट ही अंधारली रे, हात दे मज, तारका." मी मात्र लहानपणापासून "हात दे मज, बारका" असेच म्हणत आले. माझी आई रस्ता ओलांडताना माझ्या धाकट्या भावाला "हात दे, बारक्या" म्हणायची. मला वाटले, गीतातही तेच आहे. देव कोणाला तरी रस्ता ओलांडून देतो आहे, यात मला काही वावगे दिसले नाही. थोरली पेटी शिकू लागली तेव्हा तिने मला बाकावरच अडवले. "आई, पुस्तकात 'तारका' आहे. तारणारा तो तारक."

मी म्हटले, "मग इतकी वर्षं मी हाक कुणाला मारत होते?"

शेजारून आमचा धाकटा म्हणाला, "मला." आणि त्याने हात पुढे केला.

तो हे गीत आपल्यावरच रचलेले समजत होता. थोरली इतकी हसली की पाळकसाहेबांनी वाचन थांबवले. पुढे कित्येक वर्षे त्या ओळीला आमच्या बाकावर "बारका"च म्हटले जाई, आणि तो एक हात मला, एक ताईला देई. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते, आणि मला ते तेव्हाही कळत होते.

कलम ६. माझी दुसरी पेटी, म्हणजे झाकणाची.

यांच्या दफनाच्या दिवशी बारक्याचा ट्रक वाटेत बंद पडला. लोक ताटकळले, पाळकसाहेबांना पुढे लग्न लावायचे होते. थोरलीने झाकण लावायला सांगितले. तो पोहोचला तेव्हा माती सारखी केलेली होती. तो म्हणाला, "ताई, थोडं थांबवता आलं नाही तुला? तोंडसुद्धा पाहिलं नाही मी बाबांचं." ती म्हणाली, "सगळे खोळंबले होते. तू कुठे होतास?" त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. तो येतो तेव्हा ती येत नाही. दोघांचेही खरे आहे, म्हणून मिटत नाही.

तरी माझ्या वेळी असे व्हावे. बारका येईपर्यंत झाकण उघडे ठेवावे. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिल्यास पाहू द्यावे. झाकण थोरलीच्याच ताब्यात असावे. तो आल्यावर तिने संध्याकाळचे गीत वाजवावे, आणि त्या ओळीला वाजवणे सोडून उठावे. सूर तुटला तरी चालेल. "तारका" बाकीचे लोक म्हणतील. तिने आमच्या बाकावरचा शब्द म्हणावा. पुढे काय करायचे ते बारक्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

हे सर्व मी समोर बसलेल्या दोन साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आहे. पाववाल्याला मी काहीही ठेवलेले नाही, म्हणूनच तो साक्षीदार होऊ शकतो. सही करण्यापूर्वी त्याने विचारले, "आजी, आणि थोरल्या बाई थांबल्याच नाहीत तर?"

मी म्हटले, "तिलाही एक हात रिकामाच आहे रे. थांबेल."

सही: थोरलीची आणि बारक्याची आई
(अक्षर हलले आहे ते टेबलामुळे.)

साक्षीदार: १. डॉक्टर  २. कोपऱ्यावरचा पाववाला

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: शनिवार, उद्या चर्च