नीळगायीच्या कपाळी कुंकू

मलकापूर,
१८ नोव्हेंबर १९७४

माझ्या दगडाबाईस राहीचा रामराम.

इकडं सगळी बरी आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली. सुनेनं खरवस केला तेव्हा तुझी लय आठवण आली. दिवाळीला तू आली नाहीस. का, ते विचारायला मला तोंड नाही.

औंधची ती चित्रं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत बघ. यमाईचं दर्शन करून आपण तुझ्या कुंडलच्या बायकांबरोबर प्रदर्शनात शिरलो. मोगल बादशहांनी चितारून घेतलेली पाखरं, हरणं! तळहाताएवढ्या कागदावर सारसाचं पीस न् पीस मोजून घ्यावं. आणि ती नीळगाय. ओली नाकपुडी, पापणीचे केस, अंगावरची लव. “हात लावला तर कान हलवंल गं,” तूच म्हणालीस.

मग काचेवर, बरोबर तिच्या कपाळावर, कुंकवाचं बोट दिसलं आणि राखणदार धावत आला. तुझं कपाळ यमाईच्या कुंकवानं भरलेलं, बोटंही लाल.

“बाई, हे काय देऊळ हाय?”

“आवं, म्या न्हाई लावलं!”

“मग गाईनं सोताच लावून घेतलं व्हय?”

आपल्याच बायका फिदीफिदी हसल्या. तुला बाहेर काढलं. तुझी सून शालू परवा कराडच्या बाजारात भेटली. म्हणाली, “आत्यांना अजून पाण्यावर विचारत्यात, आज कुठली गाय पुजली म्हणून. आत्या आता पाण्याला जात न्हाईत.”

दगडे, ते बोट माझं.

सुनेसाठी घेतलेली कुंकवाची पुडी माझ्या मुठीत होती. राखणदारानं माझ्याकडंही बघितलं. कोरं कपाळ दिसलं आणि तो पुढं गेला. मी हात पदराखाली घेतला. परत येताना एष्टीत तू विचारलंस, “राहे, तू तरी बघितलंस न्हवं, कुणी लावलं?” मी खिडकीबाहेर बघत बसले.

मालक गेल्यापासून वसुबारसेला मला गाईपुढं ताट धरू देत नाहीत. लांब उभी राहून बघते. त्या चित्रापुढं अडवणारं कुणी नव्हतं, बोट आपसूक गेलं. त्याची लाज नाही वाटत. तुला बोलणी बसताना गप्प राहिले, त्याची वाटते.

हे पत्र एकटीनं ऐकू नकोस. हसल्या त्या सगळ्या बायका बोलव आणि शालूला मोठ्यानं वाचायला लाव. पोर माझी अब्रू राखायला मधेच थांबेल. तिला म्हण, पुढं वाच.

तू म्हणशील तेव्हाच पुन्हा तुझी,
राही