हलका ठोका

केतामाच्या वरची वाडी, मोरोक्को,
बुधवार, १३ नोव्हेंबर

प्रिय मिमून,

तुझ्यावरचं वॉरंट रद्द झालं आहे. काल वाडीचा मुकद्दम स्वतः दारात येऊन सांगून गेला आणि आज मी कचेरीत जाऊन कारकुनाकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. शेतात किफ, म्हणजे कारकुनाच्या भाषेत गांजा, लावल्याबद्दल ज्यांच्यावर खटले होते त्यांना माफी मिळाली, त्यांत तू आहेस. आता घाटातल्या चौकीवरून तोंड झाकून जायचं कारण उरलं नाही.

बाकी आम्ही बरे आहोत. तूही आल्मेरियात टोमॅटोच्या त्या प्लास्टिकच्या मांडवाखाली बरा असशील, असं धरून चालते. यंदा अंजिरं उशिरा पिकली, पण गोड निघाली. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं.

तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. "माफी गुन्हेगाराला करतात, हद्दूमा. आजोबांनी लावलं तेच झाड मी लावलं. सगळं मोकळं होईल तेव्हा येईन, ताठ मानेने येईन." परवा सहकारी संस्थेच्या अंगणात माल उतरवताना यावरूनच जुंपली होती. तुझे शुऐबकाका पोत्यावर बसून ओरडत होते, "झाड एकच! कारखान्यात गेलं की औषध, माझ्या चिलमीत आलं की गुन्हा. तंबाखूसारखं मोकळं करून टाका म्हणावं."

बिलाल मास्तर म्हणाले, "करा. मग लाल डोळे घेऊन वर्गात बसणाऱ्या पोरांना गणित तुम्हीच शिकवा, काका."

"ते आत्ताही लालच आहेत, मास्तर. तुझ्या गणितानं होतात."

सगळे हसले, मीही हसले. मग कोणीतरी मला विचारलं, "हद्दूमा, तुझं काय मत?"

मी म्हटलं, "मला मत नाही, नवरा आहे. तो स्पेनमध्ये आहे."

मी तिथे काय करत होते, हे तू विचारशीलच. मी परवाना घेतला, मिमून. वसंतातच घेतला. वरच्या दोन्ही शेतांतलं पीक आता देठासकट औषधाच्या कारखान्याला जातं. तुला ही भीक वाटेल. पण पोलिसांची गाडी आली की मी आता भांडी घासत राहते, उठत नाही.

एक मात्र झालं. घरी झाडं झोडपून पूड चाळायला बंदी आहे, त्यामुळे डोंगर गप्प झाला. या दिवसांत घराघरातून ढोल घुमायचा, पातेल्यावर ताणलेलं कापड, दोन काठ्या, आणि तळाला साचत जाणारी पिवळी पूड. कुणाचं घर ते ठेक्यावरून कळायचं. तुझा ठेका म्हणजे दोन जड, एक हलका, मग श्वासभर थांबणं. आता पलीकडच्या उतारावर कुणी खोकलं तरी ऐकू येतं.

तुझ्या यम्माचं विचारतोस तेव्हा मी "बरी आहे" म्हणते. ती बरी नाही. तिला दिसत नाही, आणि उन्हाळ्यापासून उठवतही नाही. मध्यंतरी तिने बिसाऱ्याचं पातळ कढणही खायचं टाकलं होतं. एका दुपारी मी तुझं पातेलं काढलं (त्यात मी कणीक मळते हल्ली), कापड ताणलं आणि वाजवलं. कापडावर काही नव्हतं. खरं सांगते, यम्मासाठी वाजवलं नाही, माझ्यासाठीच वाजवलं.

आतून आवाज आला, "मिमून आला?"

"नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कामात आहे, यम्मा." तिने लाल पट्ट्यांची शाल मागून घेतली आणि वाडगाभर बिसारा संपवला. तेव्हापासून रोज दुपारी वाजवत आले.

सोमवारी दुपारी संस्थेचा तपासनीस आला. त्याने कापड उचललं, पातेल्यात हात फिरवला. "रिकामंच आहे! मग कुटतेस काय?"

"सासूला जेवू घालते आहे."

त्याने पातेलं पुन्हा जागेवर ठेवलं. जाताना म्हणाला, "बाई, आवाज रस्त्यापर्यंत येतो. पुन्हा ऐकला तर मला लिहावं लागेल." म्हणजे परवाना जाईल. म्हणून काल मी काठ्या उचलल्याच नाहीत.

संध्याकाळी यम्मानेच हाक मारली. "आज का नाही वाजवलंस?"

मी तिची शाल सारखी करू लागले.

"तुझा हलका ठोका उशिरा पडतो, पोरी. मिमूनचा पडत नाही. पहिल्या दिवशीच कळलं मला." मग माझा हात चाचपून धरला. "तरी बरं वाटायचं."

कायदा उद्या सगळं मोकळं करील किंवा कधीच करणार नाही. तुझं म्हणणं खरं असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण यम्माने आज पुन्हा वाडगा परत पाठवला.

पत्र पोचायला आठवडा लागेल. त्यानंतरच्या शनिवारी तेतुआनची बस दुपारी येईल तेव्हा पातेलं, कापड आणि काठ्या ओसरीवर असतील. मी हात लावणार नाही. यम्माचं अंथरूण दाराशी आणून ठेवते. तपासनीस आलाच, तर या वेळी त्याच्याशी तू बोल.

हलका ठोका चुकवणारी,
तुझी हद्दूमा