दोष सस्पेन्शनचा

४ मार्च, सकाळी.
जावयांनी कुटुंबाच्या ग्रुपवर रविवारचे वृत्त दिले आहे : 'बाबांनी घाटात गाडी अशी हाणली की आईंना दोनदा उलटी झाली आणि त्या बसने परत आल्या'. एका वाक्यात तीन चुका. गाडी हाणली नाही, जोशात चालवली. उलटी एकदाच झाली; दुसऱ्या वेळी नुसती तयारी होती. आणि बस नव्हे, दुधाचा टेम्पो. शिवाय पूर्णविराम नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
सौ.ने जाहीर केले आहे की यापुढे माझ्या शेजारी बसणे नाही. ३० तारखेला जुन्या गाड्यांच्या क्लबची घाटफेरी. सहचालकाशिवाय गाडी सोडत नाहीत. बावीस वर्षे तीच नकाशा मांडीवर घेऊन शेजारी बसते. दुसऱ्या कोणाला बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.
शांतपणे विचार केला. गाडी वळणावर झुकते, म्हणून मळमळते. दोष सस्पेन्शनचा. माझ्या चालवण्याचा संबंध नाही.
संकल्प : स्प्रिंगा, पाटे, शॉक्स, बुश, सर्व नवीन. एकसष्ट वर्षांची गाडी रुळांवर असल्यासारखी वळली पाहिजे.

७ मार्च.
गॅरेजवाल्यास सगळे 'सर्जन' म्हणतात. 'काका, अशी कडक करतो की वळणावर चहा सांडणार नाही!' असे म्हणाला. गाडी दोन इंच खाली घेण्याची कल्पना त्याची. तत्काळ मान्य केली. सौ.ला सांगितले. ती म्हणाली, 'आणि चालवणारे तेच ना?' प्रश्नाचा रोख समजला नाही.

११ मार्च.
काम पूर्ण. दिवसभर सर्जनजवळ उभा राहून पान्यांच्या योग्य वापरावर मार्गदर्शन केले. परतताना प्रत्येक वळण सपाट. अभूतपूर्व.
आमच्या फाटकातील उंचवट्यावर गाडी पोटावर टेकली. मागचे चाक किंचित अधांतरी. वॉचमनने दोन फळ्या आणल्या. सौ. बाल्कनीत होती. 'अहो, आधी गाडीला तरी घरात येऊ द्या, मग मला बसवा!' सर्व मजल्यांवर ऐकू गेले.

१४ मार्च.
सौ. चाचणीस स्वतः येत नाही. तिने अट घातली : दुकानातून डझनभर अंडी पुढच्या सीटवर ठेवून आणा, सगळी शाबूत आली तर मी बसते. अट वैज्ञानिक वाटली. स्वीकारली.
चार शाबूत.
निष्कर्ष : हल्लीची अंडी निकृष्ट आहेत. सीट अजून चिकट आहे.

१८ मार्च.
मागून कुईंकुईं आवाज. गाडी डावीकडे थोडी उंच उभी राहते. सर्जनने पाहून कपाळाला हात लावला. पाट्यांचे रबरी बुश गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना आवळायचे असतात. आम्ही ती जॅकवर लोंबकळत असताना आवळले. रबर पिळवटले. त्यास विचारले, तुला हे ठाऊक नव्हते काय? म्हणाला, 'ठाऊक होतं काका. तुमच्या लेक्चरात विसरलो.'
एकाग्रतेचा अभाव, दुसरे काय.

२३ मार्च.
नवे बुश. शॉक्सना फिरवायची बटणे आहेत. आज सर्व 'मऊ'वर आणून व्याह्यांना बसवले. वजनाने ते सौ.च्या दीडपट, म्हणजे चाचणी अधिकच कठोर. चौथ्या वळणावर त्यांनी गाडी थांबवण्याची विनंती केली. 'गाडी उत्तमच आहे हो तुमची. मी जरा चालत येतो.' अंतर सहा किलोमीटर. चालण्याचा छंद असावा.

२७ मार्च.
सौ. आपण होऊन म्हणाली, 'येईन मी घाटफेरीला'. अत्यानंद. सस्पेन्शन सार्थकी लागले. वाक्य मात्र पुरे झाले नव्हते. 'गाडी मी चालवीन.'
तिच्याकडे लायसन्स आहे. तिने गाडी मात्र कधी चालवलेली नाही. पहिल्याच चढावर ती स्वतः किल्ली माझ्या हातात देईल. म्हणून संमती दिली. चाणाक्षपणा म्हणतात तो हाच.

३० मार्च, सायंकाळी.
किल्ली दिली नाही.
पहिल्या तीन वळणांवर मी गिअर, ब्रेक व स्टिअरिंग यांविषयी आवश्यक तेवढेच बोललो. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. म्हणाली, 'तुम्ही शेजारी असलात ना, की गाडी राहते बाजूला, माझी तोंडी परीक्षाच सुरू होते. उतरायचंय का गप्प बसायचंय?' मागून क्लबचे अध्यक्ष हॉर्न वाजवत गेले. गप्प बसलो.
पुढचा घाट असा गेला, की दरी मी प्रथमच पाहिली. गाडी कुठे झुकली नाही, कुठे हिसका दिला नाही. वरच्या टप्प्यावर ती गुणगुणत होती. मी म्हणालो, पाहिलेस, हे नवे सस्पेन्शन! ती म्हणाली, 'अहो, जुन्यातही नव्हती झुकत'.
जुन्यात म्हणजे केव्हा, असे विचारले. उत्तर जेवताना मिळाले. त्यानुसार या रोजनिशीतील व माझ्या बोलण्यातील तारखा दुरुस्त करणे भाग आहे.

सौ.ने गाडी प्रथम चालवली : आज नव्हे. गेल्या वर्षी ९ जुलै, मंगळवार. मी वाचनालयाच्या दर मंगळवारच्या सभेस गेलो असताना.

घाटात प्रथम नेली : १३ ऑगस्ट, मंगळवार. सोबत मुलगी. जुन्या स्प्रिंगा, जुने शॉक्स. मळमळ कोणासही नाही.

'गाडी रविवारखेरीज बाहेर निघत नाही' असे मी क्लबात वर्षभर सांगत आलो. ९ जुलैनंतर हे विधान मागे घ्यावे लागेल. मंगळवारीही निघते.

'गाडी पेट्रोल फार खाते' म्हणून ऑक्टोबरात कार्ब्युरेटर बदलला. निदान चुकले. कार्ब्युरेटर निर्दोष होता.

जावयांना हे कळले : डिसेंबरात. वॉचमनला : पहिल्याच दिवशी.

येता मंगळवार, १ एप्रिल : सभेस न जाता मी शेजारी येऊ काय, असे विचारले. गप्प बसेन, हेही सांगितले. 'बघू' म्हणाली. ही तारीख अद्याप निश्चित नाही.