डबीखालचा घट्टा

ताडकळस

प्रिय वैजू,

फोन सोडून अप्पांनी कागद का धरला, असं वाटेल तुला. बाई, फोनवर खोटं लय सहज सुटतं, मागच्या महिन्यात तसंच सुटलं. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी तुला फॉर्म भरायला दिला होता. घरात कुणाला छातीच्या गाठीचं दुखणं होतं का, असं तू विचारलंस. मी झटक्यात म्हणालो, “न्हाई गं, आपल्यात कुणाला न्हाई.” तू तसंच लिहिलंस. ते पुसायचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

इकडचं ठीक आहे. दुकान अर्धा दिवस उघडतो. तयार कपड्यांपुढे आता कापड फाडून कोण घेतं? बाजाराच्या दिवशी तेवढी चार माणसं गाठ पडतात. शेजारच्या सरजाबाई भाकरी देतात आणि वर ऐकवतात, “आप्पा, भिताडासंगं बोलायलाव का?” तुझी आई गेल्यापासून भिंतीच आहेत, त्या ऐकून तरी घेतात.

तुझी आत्या, भागम्माअक्का, तुला आठवत नसेल. ती गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. ती काविळीने गेली असं आपण सांगत आलो. ती काविळीने गेली नाही. दसऱ्याच्या सुमाराला ती माहेरी आली, दुकानाच्या मागच्या खोलीत मला बोलावलं आणि खाली बघत म्हणाली, “बसू, छातीत सुपारीएवढं काहीतरी लागतंय. नांदेडला दाखवायचंय. एकटी कशी जाऊ? तू संगं चल.” दिवाळीचा माल भरलेला होता. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे अक्का. दिवाळी झाली, मग लग्नसराई आली. नेलं तेव्हा गाठ फुटली होती. पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. आपल्या लिंगायत रीतीने समाधी देताना तिच्या तळहातावर तिचं इष्टलिंग मीच ठेवलं. घरच्या पोरींना स्थळं येणार नाहीत म्हणून काविळीची गोष्टही मीच रचली.

आता माझं. तीन वर्षं माझ्या डाव्या छातीवर, गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी टेकते तिथेच, काहीतरी कठीण लागत होतं. मला वाटलं, साठ वर्षं डबी घासते, घट्टा पडला असेल. नांगर धरणाऱ्याच्या हाताला पडतो तसा. मनातून थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू! दुखायला लागलं तेव्हा दोरा दोन बोटं लांब केला, एवढाच इलाज. श्रावणात बनियनला रक्ताचा डाग दिसला. परभणीच्या डॉक्टरने हात लावला आणि थेट नांदेडला पाठवलं. बाप्यालाही हे छातीच्या कॅन्सरचं दुखणं होतं, वैजू. क्वचित, पण होतं.

कार्तिकात मी कपिलधारच्या यात्रेला गेलो होतो ना आठ दिवस? गेलो नव्हतो. नांदेडला ऑपरेशन झालं. डावी छाती काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. पहिले पंधरा दिवस डावा हात उचलेना, म्हणून लिंग तळहातावर घेऊन तो हात उशीवर टेकवायचो आणि पूजा करायचो. आता रोज एक गोळी आहे, पाच वर्षं. तिने अंगातून वाफा निघतात. तुझी आई पदराने वारा घ्यायची तेव्हा मी हसायचो, ते फिटलं.

तिथल्या डॉक्टर पोरीने विचारलं, “काका, घरात कुणाला होतं?” तिला अक्काचं सगळं सांगितलं. परक्या पोरीला खरं सांगितलं आणि पोटच्या पोरीला खोटं. तिने रक्त तपासायला धाडलं. तू विचारलंस त्याच आठवड्यात त्याचा कागद आला. बीआरसीए-टू नावाचा जीन बिघडलेला आहे. मी दोनदा समजावून घेतलं, ते माझ्या भाषेत सांगतो. शरीराच्या कापडात रोज कुठे ना कुठे धागा तुटतो. तो सांधणारे रफूगार असतात. त्यातल्या एका रफूगाराच्या कामाची एक चिठ्ठी आईकडून येते, एक बापाकडून. आपल्या घराण्यातली एक चिठ्ठी फाटकी आहे. दुसरीवर काम चालतं, पण तीही कधी फाटली की तुटलेलं तसंच साठत जातं. बायकांचं दुखणं आईकडूनच येतं, आत्याचं पोरीत कसं येईल, अशी मी समजूत घालून बसलो होतो. ती चूक होती. अक्कात आणि माझ्यात ही फाटकी चिठ्ठी एकाच घरातून आली. तुझ्यात आली असेल किंवा नसेलही, निम्मे-निम्मे.

चैत्रात तू अडतिसाची होशील. अक्का गेली तेव्हा तेवढीच होती. म्हणून हे लिहिलं. फॉर्मवरचं ‘नाही’ खोड, आत्याचं आणि माझं नाव लिही आणि रक्त तपासून घे. फाटकी चिठ्ठी निघाली म्हणजे आजार झाला असं नव्हे. वेळेवर तपासण्या होतात, उपाय असतात. अक्काला मिळाला नाही तो वेळ तुझ्याजवळ आहे. माझा राग आला तर येऊ दे, पण तपासणी टाळू नकोस. नांदेडला नर्सने तीनदा विचारलं, “बाबा, सोबत कोण हाय?” तिन्ही वेळा मी दाराकडे बघत म्हणालो, “पोरगी यायलीय.” तुला कळवलंच नव्हतं, तू येणार कुठून? एकट्याने त्या बाकावर बसणं काय असतं ते मला कळलं, अक्का, तेव्हा तुझं ‘संगं चल’ कळलं. बघ, पत्र तुला आणि बोलायलोय तिच्याशी. वैजू, तारीख कळव. आदल्या दिवशीच दुकान बंद करून येतो. सोबत कोण, असं विचारलं तर माझं नाव सांग. या वेळी दिवाळी असली तरी.

तुझाच,
अप्पा