मध्यंतरातलं रेकॉर्डिंग

५ जुलै
घात झाला! मध्यंतरात रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले. घरी आल्यावर कळलं. निम्मं वर्गात आणि निम्मं ऑनलाइन कसं शिकवायचं, हे भाषेच्या प्राध्यापकांना शिकवतंय कोण — तर मी! आणि चहा पिताना काय बरळले ते सगळं आत.

"सर माऊस कसा धरतात बघितलंत? मेलेला उंदीर धरावा तसा! या वयात कशाला हा खटाटोप, घरी बसावं की."

सगळे हसले. मीच सगळ्यात जास्त. सर तेव्हा हात धुवायला गेले होते.

सर म्हणजे कोणी परके नाहीत. कॉलेजात मला त्यांनीच शिकवलं. या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. आणि आता माझ्याच वर्गात शिकायला बसतात.

६ जुलै
रेकॉर्डिंग आपोआप वर्गाच्या वेब-पानावर चढतं, सगळ्यांना दिसतं. काढायचं तर ऑफिसला कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहू? जीभ घसरली? नवरा म्हणतो, "कोण बघतंय एवढं मोठं!"

७ जुलै
सर बघणार! यंत्राने उतरवलेली सबटायटलं चुकांनी भरलेली असतात. ती ऐकून दुरुस्त करायची, असा गृहपाठ मीच परवा वर्ग सुटताना दिलाय. एकेकाला एकेक रेकॉर्डिंग. सरांना हेच दिलं — म्हटलं, माझा आवाज ओळखीचा, सोपं जाईल. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. वर सगळ्यांना बजावलंय, एक शब्द गाळायचा नाही! ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांनी काय वाचायचं?

९ जुलै
सरांचा फोन.

"अगं, मध्यंतरातलंही उतरवायचं का?"

म्हणजे ऐकलं. आवाज मात्र नेहमीसारखाच. आणि मी? माफी मागायची सोडून म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं, सर." काय हा भित्रेपणा! "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. अर्ध्या ताटावरून उठले. मुलगी विचारतेय, आई, बरं नाही का? हो म्हटलं. तेही खोटंच.

१० जुलै
आज सर समोरून येताना दिसले. मी जिन्याकडे वळले. लाज वाटते, दुसरं काही नाही.

१२ जुलै
सरांचा गृहपाठ आला. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मध्यंतरापाशी कंसात एकच ओळ — (इथे आवाज नीट ऐकू येत नाही.)

पुन्हा लावून ऐकलं. माझा शब्द न् शब्द खणखणीत. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं मला.