सर, मी त्याला भाऊ म्हटलं नव्हतं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमची कॉलर धरावीशी वाटतेय. सुट्टीवर आलोय, वारज्याच्या घरी बसून लिहितोय. तुम्ही मला बॉक्सिंग शिकवलंत, खडकवासल्यापर्यंत पळवलंत, पहिली स्पर्धा जिंकल्यावर स्वतःचे ग्लव्ह्ज दिलेत, सगळं मान्य. पण तो सुदानचा विद्यार्थी आठवतो का? सदाशिव पेठेत त्याला कुणी खोली देईना, म्हणून तुम्ही त्याला आपल्या गच्चीवरच्या खोलीत ठेवलंत. काकू रोज त्याचं ताट वाढायच्या. आणि संध्याकाळी तुम्हीच रिंगचा दोर धरून ओरडायचात, "घाल त्या हबश्याला! अरे, त्याला काय लागतंय, जाड कातडीचाय तो!" आम्ही हसायचो. तोही हसायचा. एकदा माझ्या ठोशाने त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलंय, हात वर करून तो थांब म्हणतोय, आणि तुम्ही बेल वाजवत नाही. मीही थांबत नाही. वा सर, काय शिकवण दिलीत!

आता मी इंग्लंडमधल्या एका गोदामात काम करतो. सुपरवायझर मला 'करी' म्हणतो, अगदी लाडाने. "करी, ती पेटी तू उचल, तुम्हा लोकांना सवय असते." सगळे हसतात. वर्षभर मीही हसलो. गेल्या महिन्यात त्याने सगळ्यांसमोर माझा डबा उघडून नाक दाबलं आणि मी उठलो. मला आवरायला मध्ये कोण आला, तर माझ्याबरोबर रोज पेट्या उचलणारा नायजेरियाचा सोबती. मी त्यालाच घातला. डावा, उजवा, परत डावा. त्याचा दात पडला, तो गुडघ्यांवर बसला, तरी माझे हात चालूच. आणि मी ओरडत होतो, "घे हबश्या, घे!" अगदी तुम्ही ओरडायचात तसं.

कंपनीच्या चौकशीत अधिकारी बाईंनी विचारलं, मारताना तुझ्या भाषेत काय ओरडत होतास? मी शांतपणे सांगितलं, "सोड भाऊ, सोड मला, असं म्हणत होतो." तो शेजारीच बसला होता, ओठ सुजलेला. त्याने तक्रार मागे घेतली. म्हणाला, एवढ्या रागातही याने मला भाऊ म्हटलं. सर, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नोकरी राहिली. आता कामावर रोज सकाळी तो पडलेल्या दाताच्या फटीतून माझ्याकडे बघून हसतो आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. शुक्रवारी परत जायचंय. गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं असं रोज ठरवतो आणि रोज कच खातो. सांगितलं तर तो माझ्याशी आयुष्यात बोलायचा नाही. त्याच्याशिवाय तिथे माझं कुणी नाही.

म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुमच्यावर आग पाखडणं सोपं, तुम्ही उलटून बोलणार नाही. हे कागद कुठे टाकायचेही नाहीत. पण एक गोष्ट चौकशीतही सांगितली नाही, घरीही नाही. माझं डोकं फिरलं होतं असं मी सगळ्यांना सांगतो. फिरलंबिरलं काही नव्हतं, सर. सुपरवायझर दोन पावलांवर उभा होता. कुणाला मारलेलं खपेल, हे मला नीट कळत होतं.